पोलीन व्हियार्दो : गळ्यातून लिहिणारी संगीतकार

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारीने लहानपणापासून नाट्यगीतं गायली आहेत आणि गेली दोन वर्षं ती पाश्चात्त्य पद्धतीचं गाणं शिकते आहे. विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमात तिला ‘एम म्वा’ नावाचं फ्रेंच गाणं मिळालं. कार्यक्रमपत्रिकेत नाव फक्त पोलिश संगीतकार शोपाँचं. नोटेशनच्या पानावर मात्र बारीक अक्षरात आणखी एक नाव होतं, पोलीन व्हियार्दो. ही कोण? नुसती शब्द बसवणारी, की खरी संगीतकार? शोधायला गेलं तर कादंबरीकार तुर्गेनेव्हशी तिचं काय नातं होतं याच्याच गोष्टी सापडतात. तिची स्वतःची गाणी गावीत का, आणि गायची तर सुरुवात कुठून करावी?

खरी संगीतकार. हे उत्तर मी निःशंकपणे देते. सव्वीस वर्षं मी आवाज शिकवते आहे, त्यातला निम्मा वेळ पियानोवर साथीला बसून गेला, आणि व्हियार्दोची गाणी मी शंभरदा तरी वाजवली असतील. मोठमोठ्या संगीतकारांच्या गाण्यांत एखादी जागा अशी येतेच की विद्यार्थिनीला सांगावं लागतं, “इथे श्वास चोरायचा, दुसरा इलाज नाही.” व्हियार्दोच्या गाण्यात हे मला क्वचितच सांगावं लागलं. जिथे दम संपतो तिथे ओळ संपते. जिथे आवाजाचा सांधा येतो, म्हणजे छातीचा आवाज सोडून डोक्याच्या आवाजात जायचं असतं, तिथे ती सोयीचा स्वरवर्ण ठेवते. नुसत्या विद्वत्तेने हे साधत नाही. रोज गाणारी आणि रोज शिकवणारी बाईच असं लिहू शकते.

ती आली कुठून हे आधी सांगते, कारण आपल्याकडच्या माणसाला ते पटकन कळेल. हे एक घराणं होतं. वडील मानुएल गार्सिया, स्पेनचे, टेनर, म्हणजे उंच पुरुषी आवाजाचे गायक. रोसिनीचा ‘बार्बर ऑफ सेव्हिल’ हा ऑपेरा, म्हणजे गाऊन केलेलं नाटक, 1816 साली रोममध्ये पहिल्यांदा झाला तेव्हा त्यातल्या काउंट आल्माव्हिव्हाची भूमिका त्यांनी केली. आई होआकिना सीचेस, तीही गायिका. थोरला भाऊ, तोही मानुएल, पुढे त्या शतकातला सर्वांत मोठा गायनगुरू ठरला. दिवसा सूर्यप्रकाश आरशावर घेऊन त्याने स्वतःच्या स्वरतंतू गाताना कशा हलतात ते पाहिलं आणि 1855 साली ते निरीक्षण लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं. कान-नाक-घशाचा डॉक्टर घशात लांब दांडीचा छोटा आरसा घालतो, त्या तपासणीमागे या गायनमास्तराचं कुतूहल आहे. तो एकशे एक वर्षं जगला. मधली बहीण मारिया मालिब्रां, सगळ्या युरोपला वेड लावलेली गायिका. आणि 18 जुलै 1821 रोजी पॅरिसमध्ये जन्मलेलं शेंडेफळ म्हणजे पोलीन.

1825 मध्ये हे सगळं कुटुंब न्यूयॉर्कला गेलं. अमेरिकेत इटालियन ऑपेरा इटालियन भाषेत ऐकवणारी पहिली मंडळी ती हीच. तिथून मेक्सिको. परतताना वाटेत दरोडेखोरांनी त्यांना लुटलं. पोलीन तेव्हा सात-आठ वर्षांची. पुढे म्हातारपणी ती आठवण सांगायची ती जहाजाची. शिडाचं जहाज, त्यावर पियानो कुठला असणार? वडील तिच्यासाठी छोटे छोटे कॅनन लिहायचे, म्हणजे एकाच चालीत एकामागून एकाने शिरायचं अशी गाणी, आणि घरातली सगळी संध्याकाळी डेकवर ती म्हणायची. खलाशी ऐकायला जमायचे. वाद्याचा आधार न घेता, शेजारी वेगळा सूर चाललेला असताना आपला सूर धरून ठेवायचा, हा तिचा पहिला धडा. माझ्याकडे नाट्यगीतं गाऊन आलेल्या मुलींना पाश्चात्त्य गाण्यात सगळ्यांत जड जातं ते नेमकं हेच. आपल्याकडे पेटी गळ्याच्या मागोमाग येते. पेटी आपल्याला सोडून दुसरंच काही वाजवायला लागली की आपला सूर डळमळतो. पोलीनला ते सात वर्षांची असताना येत होतं.

पॅरिसला परतल्यावर वडील शिकवण्या घ्यायचे तेव्हा ही पोर पियानोवर साथीला बसायची. त्या शिकवण्यांचा फायदा विद्यार्थ्यांपेक्षा मलाच जास्त झाला, असं ती म्हणे. पियानो ती पुढे नामांकित पियानोवादक लिस्टकडे शिकली आणि रचनेचे धडे आन्तोन रायखाकडे घेतले. बर्लिओझ, लिस्ट, गुनो हे मोठे संगीतकारसुद्धा याच रायखाचे शिष्य. म्हणजे स्वरसंगतीचा अभ्यास तिने हौसेखातर केला नव्हता. त्या काळातल्या मुलग्यांना मिळायचं तेच शिक्षण तिला मिळालं होतं. तिला पियानोवादक व्हायचं होतं. 1832 मध्ये वडील गेले. ती पंधरा-सोळाची झाल्यावर आईने सांगितलं, पियानो मिटव, आता तू गायचंस. आईचा शब्द मोडायची त्या घरात पद्धत नव्हती. मनात काय झालं असेल ते झालं असेल, ती गायला लागली. त्याच वर्षी, 1836 मध्ये, घोड्यावरून पडल्याचं निमित्त होऊन मालिब्रां अठ्ठाविसाव्या वर्षी गेली. त्यानंतर लोक पोलीनकडे थोरलीची गादी चालवणारी म्हणून पाहू लागले. हे ओझं काय असतं हे आपल्याकडे घराण्यातल्या धाकट्या मुलांना विचारावं.

1839 मध्ये लंडनला रोसिनीच्या ‘ओथेल्लो’त डेस्डिमोना म्हणून ती ऑपेराच्या रंगमंचावर उतरली. अठरा पूर्ण व्हायचे होते. पुढच्याच वर्षी लुई व्हियार्दोशी लग्न. तो तिच्याहून एकवीस वर्षांनी मोठा, पॅरिसच्या इटालियन ऑपेराचा संचालक. लग्नानंतर त्याने ते पद सोडलं आणि बायकोच्या दौऱ्यांची व्यवस्था हाती घेतली. हे लग्न जुळवण्यात लेखिका जॉर्ज साँचा हात होता. पोलीनला डोळ्यांसमोर ठेवूनच तिने ‘कॉन्सुएलो’ कादंबरीतली गायिका उभी केली.

गायिका म्हणून तिची मजल सांगायला दोनच भूमिका पुरे आहेत. पहिली, मायरबेअरच्या ‘ल प्रोफेत’ या ऑपेरातली फिदेस, पॅरिस, 1849. नायिका नव्हे, नायकाची म्हातारी आई. पोलीन तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. मायरबेअरने ही भूमिका तिचा आवाज डोक्यात ठेवून लिहिली, आणि मेझो-सोप्रानो, म्हणजे मधल्या पट्टीच्या, गायिकेने सगळं नाटक खांद्यावर पेलायचं हा पायंडा तिथून बळावला. संगीतकार सॅं-सांसने तिच्या आवाजाबद्दल म्हटलंय की तो मखमली नव्हता की स्फटिकासारखाही नव्हता, त्याला कडू संत्र्याची चव होती. मला हे वर्णन फार आवडतं. गोड गळ्याची हाव गेली की गाणं सुरू होतं, हे मी वर्गात वारंवार सांगते.

दुसरी, ग्लुकचा ‘ऑर्फे’. ही भूमिका 1762 मध्ये व्हिएन्नात एका कास्त्रातो गायकासाठी, म्हणजे लहानपणीच खच्चीकरण करून आवाज उंच राखलेल्या पुरुषासाठी, लिहिली होती, नंतर 1774 मध्ये पॅरिससाठी उंच पुरुषी आवाजात बदलली. 1859 मध्ये बर्लिओझने दोन्ही आवृत्त्या एकत्र करून पोलीनच्या खालच्या, भरीव आवाजासाठी नवी बांधली. तिने ती दीडशेच्या आसपास वेळा गायली. चार्ल्स डिकन्स ऐकायला आला तो रडून बाहेर पडला. पहिल्या अंकाच्या शेवटच्या गाण्यात एक लांब कडेंझा आहे, म्हणजे साथ थांबते आणि गळा एकटा फिरतो ती जागा. ती बर्लिओझ, सॅं-सांस आणि पोलीन अशा तिघांनी मिळून रचली. ऑपेराच्या जाहिरातीवर तिचं नाव गायिका म्हणून असायचं, पण त्या रात्री लोक जे ऐकत होते त्यातला काही भाग तिने स्वतः लिहिलेला होता.

आता तुमच्या ‘एम म्वा’कडे येते.

मूळ माझुर्का, म्हणजे पोलिश नाचाच्या लयीतला पियानोचा तुकडा, शोपाँची, ऑपस (रचनासंग्रह) 33 मधली दुसरी, 1838 मध्ये छापलेली. पियानोवर एक ओळ जोरात येते, लगेच तीच ओळ हळू. पुन्हा जोरात, पुन्हा हळू. नाचाची लय, गिरक्या घेणारी. पियानोवर हे पुन्हा पुन्हा ऐकायला गोड लागतं, कारण बोटांना दम लागत नाही. गळ्यावर जशीच्या तशी ठेवली तर चार ओळींत गाणारी थकेल आणि ऐकणाराही कंटाळेल. पोलीनने अशा बारा माझुर्का घेतल्या. लुई पोमे नावाच्या मित्राने फ्रेंच शब्द लिहिले. तिने काही ठिकाणी पट्टी बदलली, आवर्तनं कमी-जास्त केली, मध्ये स्वतःच्या कडेंझा घातल्या. जोरात-हळू हा पियानोचा खेळ ‘माझ्यावर प्रेम कर’ या विनवणीचा झाला: एकदा हट्टाने म्हटलेलं आणि लगेच कानाशी येऊन म्हटलेलं.

तुम्ही नाट्यगीतं गाता, म्हणून तुम्हाला हे वेगळं समजवायला नको. आपल्या संगीत रंगभूमीवर बैठकीतल्या चिजा, ठुमऱ्या, कानडी चाली घेऊन त्यांवर पदं बसवली गेली. 1916 च्या ‘संगीत स्वयंवर’मध्ये भास्करबुवा बखल्यांनी रागदारी चिजांतून नाटकाची पदं कशी घडवली हे तुम्ही स्वतः गाऊन अनुभवलं असेल. मूळ चीज कुणाचीही असो, ती त्या पात्राच्या तोंडी त्या प्रसंगात शोभेल अशी घडवणं ही स्वतंत्र कला आहे, आणि बुवांना त्याचं श्रेय आपण देतो. तेवढंच पोलीनला द्या.

एक उलटी गोष्ट सांगते. शोपाँ आणि ती जवळचे मित्र. जॉर्ज साँच्या नोआंमधल्या घरी दोघं तासन्‌तास संगीतात असायचे. 1848 मध्ये लंडनला कॉव्हेंट गार्डनमध्ये तिने या माझुर्का गायल्या आणि लोकांनी त्या परत म्हणायला लावल्या. शोपाँने ते पत्रात आनंदाने कळवलं. थोड्याच दिवसांनी त्याने आणखी एका पत्रात तक्रार केली की कार्यक्रमात आता ‘शोपाँच्या माझुर्का’ असं छापत नाहीत, ‘मादाम व्हियार्दो यांनी बांधलेल्या माझुर्का’ एवढंच छापतात. म्हणजे त्या वेळी त्याचं नाव गळलं होतं, तुमच्या पत्रिकेत तिचं गळलं. दोन्ही चूकच. 30 ऑक्टोबर 1849 रोजी मादलेन चर्चमध्ये शोपाँच्या अंत्यविधीत मोझार्टचा ‘रेक्विएम’, म्हणजे मृतांसाठीचं प्रार्थनासंगीत, झाला, त्यात गाणाऱ्यांमध्ये पोलीन होती.

तुर्गेनेव्हबद्दल विचारलंत म्हणून तेवढंच सांगते. 1843 मध्ये सेंट पीटर्सबर्गला त्याने तिला ‘बार्बर’मध्ये ऐकलं आणि पुढची चाळीस वर्षं, 1883 मध्ये मरेपर्यंत, तो या कुटुंबाच्या आसपास राहिला. स्वतःची मुलगीही त्याने त्यांच्याच घरी वाढवायला दिली. लुई व्हियार्दोशी त्याची मैत्री होती, दोघं शिकारीला जात. याहून पुढे लोक जे बोलतात त्यात मला रस नाही. मला रस आहे तो या गोष्टीत की दोघांनी मिळून काम केलं. पोलीनला रशियन येत होतं. स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन, इंग्लिश आणि जर्मनही. 1864 मध्ये पुश्किन, फेत आणि तुर्गेनेव्ह यांच्या बारा कवितांवरची तिची गाणी सेंट पीटर्सबर्गला छापून आली. तुर्गेनेव्हने त्यासाठी पाठपुरावा केला. परकी बाई रशियन कवितेला चाल लावते आणि ते तिथेच छापलं जातं, ही साधी गोष्ट नाही. भाषेचा उतार-चढाव कानात मुरल्याशिवाय हे होत नाही.

1863 मध्ये, वयाच्या एकेचाळीस-बेचाळिसाव्या वर्षी, तिने पॅरिसचा मोठा रंगमंच सोडला. आवाज थकला होता. कारण तिने कधीच लपवलं नाही. सोप्रानोच्या उंच भूमिका, खालच्या कॉन्ट्राल्टोच्या भूमिका, सगळं तिने गायलं होतं. एका शिष्येला तिने बजावलं होतं, माझ्यासारखं करू नकोस, मला सगळंच गायचं होतं आणि मी आवाज खराब करून घेतला. हे वाक्य मी माझ्या वर्गात पहिल्या आठवड्यात सांगते. स्वतःच्या गुणी मुलींना कुठलीही पट्टी, कुठलंही गाणं, कुठल्याही स्पर्धेत उभं करणारे आईवडील मी पाहिलेत. त्यांनाही सांगते.

मग ते सगळे जर्मनीत बाडन-बाडनला गेले. तिथली सात वर्षं संगीतकार म्हणून मला सर्वांत महत्त्वाची वाटतात. युरोपभरातून मुली शिकायला येत. बंगल्याच्या आवारात छोटं नाट्यगृह उभं राहिलं. शिष्यांना रंगमंचावर उभं राहायचं शिकवायचं, पण मोठ्या ऑपेरांत कोवळे गळे फाटायचे. म्हणून तिने त्यांच्या गळ्याच्या मापाचे ऑपेरा लिहायला घेतले. संहिता तुर्गेनेव्हच्या, संगीत तिचं, पियानोवर तीच. पात्रं म्हणजे शिष्या आणि स्वतःची मुलं. प्रेक्षकांत प्रशियाचा राजा विल्हेल्म आणि राणी ऑगस्टासुद्धा येऊन बसायची. ‘शेवटचा जादूगार’ हा त्यातला सर्वांत गाजलेला, 1867 चा. क्राकामिश नावाचा म्हातारा जादूगार, एके काळी बलाढ्य, आता जादू आटत चालली आहे. ज्या रानावर त्याने कब्जा केला तिथल्या पऱ्या त्याला सळो की पळो करून सोडतात. मुलगी स्टेला, तिच्यावर प्रेम करणारा राजपुत्र लेलिओ, आणि पेर्लिम्पिम्पिन नावाचा नोकर, जो पूर्वी राक्षस होता आणि आता खुजा झालाय. सुरुवातीला क्राकामिशचं काम खुद्द तुर्गेनेव्ह करायचा. 1869 मध्ये हाच ऑपेरा एदुआर्द लासेनने वाद्यवृंदासाठी लिहिला आणि तो वायमारच्या दरबारी रंगमंचावर झाला, त्यामागे लिस्टचा आग्रह होता.

या परीकथेतल्या कोरसकडे, म्हणजे समूहगाण्यांकडे, मी शिक्षिका म्हणून पाहते तेव्हा मला हसू आणि आदर दोन्ही येतात. नवख्या मुलींना तीन भागांत गाता यावं म्हणून ओळी जवळजवळ, उड्या छोट्या, आणि वेळोवेळी पियानो सूर हातात देतो. जिला चांगलं गाता येतं तिच्या वाट्याला मात्र तानांची जागा. एका वर्गात दहा वेगवेगळ्या पातळ्यांच्या मुली असतात तेव्हा गुरू काय करतो, ते सगळं त्या पानांवर दिसतं.

1870 चं फ्रान्स-प्रशिया युद्ध आलं आणि बाडन-बाडनचं घर सुटलं. लंडन, मग पुन्हा पॅरिस. तिथे काही वर्षं तिने कॉन्झर्व्हातोआर या संगीत महाविद्यालयात शिकवलं. सॅं-सांसने ‘साम्सों ए दालिला’ हा ऑपेरा तिलाच अर्पण केला. दालिलाची भूमिका तिने रंगमंचावर करावी हे वय उलटून गेलं होतं, तरी 1874 मध्ये एका घरगुती मैफलीत तिने दुसरा अंक गाऊन दाखवला. ब्राम्सची ‘आल्टो ऱ्हॅप्सडी’, खालच्या स्त्री-आवाजासाठीची रचना, 1870 मध्ये येनाला पहिल्यांदा गायली तीही तिनेच.

आणि एक गोष्ट, जिचा तिच्या रचनांशी थेट संबंध नाही, पण तिच्याबद्दल बोलताना मला ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. मोझार्टच्या ‘डॉन जोव्हान्नी’ या ऑपेराचं त्याच्या हस्ताक्षरातलं मूळ बाड 1855 मध्ये लंडनला विकायला निघालं. मोठ्या ग्रंथालयांनी घेतलं नाही. पोलीनने दागिने विकले आणि ते घेतलं. घरी खास पेटी करून त्यात ठेवलं, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची. रोसिनीने त्याच्यापुढे गुडघे टेकल्याचं सांगतात. चायकोव्हस्कीने 1886 मध्ये ते पाहिलं. पुढे तिने ते पॅरिसच्या कॉन्झर्व्हातोआरला देऊन टाकलं. आज ते फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

आता गाणं. तुम्ही सुरुवात ‘आय ल्युली’ने करा. 1880 मध्ये छापलेलं. शब्द झाव्हिए द मेस्त्रचे. एक मुलगी प्रियकराची वाट बघते आहे. सांगते, मी उदास आहे, माझं काय होतंय मलाच कळत नाही, तो यायचा होता आणि मी इथे एकटी. मग लोकर कातायला बसते. धागा हातात तुटतो. जाऊ दे, उद्या कातेन, आज फार दुखतंय. शेवटच्या कडव्यात आवाज बदलतो: तो मला सोडून दुसरीकडे गेला असेल तर सगळं गाव जळून जाऊ दे, आणि गावाबरोबर मीही.

गेल्या वर्षी एका एकोणीस वर्षांच्या मुलीला मी हे देत होते. आवाज देखणा, नाट्यगीतातला, उघडा ‘आ’. धागा तुटतो त्या ओळीवर तिने आपल्या सवयीने एक छान हरकत घेतली. मी वाजवायचं थांबवलं. तिला म्हटलं, धागा तुटतो तेव्हा हात थांबतात. हरकत घेणारी बाई अजून कातते आहे. ती म्हणाली, मग काय करू, नुसता सूर लावू? म्हटलं, लाव, आणि लगेच सोड. तिने लावला, सोडला, आणि पुढच्या ओळीला ‘उद्या कातेन’ म्हणताना तिचा आवाज आपोआप खाली बसला. त्या दोन ओळींमध्ये पोलीनने जेवढी मोकळीक ठेवलीय तेवढीच. घेणारीला ती पुरते. पुढे ‘गाव जळू दे’ला मात्र तिला मी तिच्या रंगभूमीवरचा आवाज पूर्ण सोडू दिला. तिथे तो शोभतो. ‘आय ल्युली’ हे पालुपद प्रत्येक कडव्यानंतर येतं. पहिल्यांदा उसासा, दुसऱ्यांदा स्वतःची समजूत, तिसऱ्यांदा शाप. सूर जवळपास तेच, अर्थ तीन. हे जिने लिहिलं तिने आयुष्यभर पदांची पालुपदं गाऊन लोकांचे चेहरे बघितले होते, हे मला त्या पानावर स्पष्ट दिसतं.

उच्चाराचे दोन खड्डे आहेत. ‘ल्यु’चा स्वर आपल्याकडे नाही. जीभ ‘ई’ला ठेवायची आणि ओठ ‘उ’ला. आरशासमोर करा. दुसरं, ‘उद्या’साठीचा फ्रेंच शब्द ‘द्मॅं’. त्याच्या शेवटी मराठी माणूस हमखास ‘न’ किंवा ‘म’ लावून तोंड मिटतो. मिटायचं नाही. स्वर नाकातून जातो, पण जीभ टाळूला लागत नाही. गोव्याकडच्या मुलींना हे पहिल्याच दिवशी जमतं, कारण कोंकणीत असे अनुनासिक स्वर घराघरांत बोलले जातात. बाकीच्यांनी आठवडा द्यावा.

तिने शंभराच्या वर गाणी लिहिली, शिवाय मुलगा पाउल व्हायोलिन वाजवायचा म्हणून व्हायोलिनचे तुकडे. तिची थोरली मुलगी लुईझ हीसुद्धा संगीतकार झाली. आणि सर्वांत शेवटचं मोठं काम, ‘सांद्रियों’, म्हणजे सिंड्रेला, 1904. पोलीन ब्याऐंशी वर्षांची होती. सात गायक आणि एक पियानो. यात सावत्र आई नाही, सावत्र बाप आहे, आणि तो पूर्वीचा किराणा दुकानदार, आता बॅरन म्हणून मिरवणारा. राजपुत्र आधी भिकारी होऊन दारात येतो. तरुणपणी पोलीनने रोसिनीची ‘चेनेरेन्तोला’, म्हणजे हीच कथा, गायली होती. तिथेही सावत्र बापच आहे. जिने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ही मुलगी रंगमंचावर गायली, तिने विसाव्या शतकात शिष्यांसाठी तीच मुलगी पुन्हा लिहिली, पेटीएवढ्या साथीवर, दिवाणखान्यात मावेल अशी. यातल्या परीला उंच, नाजूक तानांची जागा आहे, आणि माझ्या मते छोट्या संस्थेने वर्षअखेरीस बसवायला याहून चांगला ऑपेरा शोधून सापडणार नाही. तासाभराचं काम, भाड्याचा वाद्यवृंद नको.

मग ती विसरली का गेली? एक तर 18 मे 1910 रोजी ती गेली तेव्हा ध्वनिमुद्रण आलं होतं, पण तिचा आवाज कुठेही मुद्रित नाही. दुसरं, तिने लिहिलं ते घरासाठी आणि वर्गासाठी, आणि घरात गायलं जाणारं लहानच, असा समज त्या काळी पक्का होता, अजूनही पुरता गेलेला नाही. बाईने रचलेलं असेल तर तो आणखी घट्ट. तिसरं, तिची हस्तलिखितं विखुरली. काही अमेरिकेत हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. ‘शेवटचा जादूगार’चं पूर्ण ध्वनिमुद्रण बाजारात यायला 2019 उजाडलं. तिच्याभोवतीचे पुरुष इतके मोठे की चरित्रं त्यांच्याच नावांनी भरली, आणि ती त्यांच्या पत्त्यावर भेटणारी व्यक्ती होऊन बसली. पियानोवादक आणि संगीतकार क्लारा शुमान तिची जुनी मैत्रीण. तिने आयुष्यात पाहिलेल्या सर्वांत गुणी बाईचा मान पोलीनला दिला होता. क्लारा स्वतः काय दर्जाची होती ते पाहता, या मताला माझ्या लेखी दहा चरित्रांपेक्षा जास्त वजन आहे.

तुमच्यासाठी क्रम असा सुचवते. पहिले तीन महिने ‘आय ल्युली’, मेझोच्या पट्टीत. त्यासोबत तिचे स्वरांचे अभ्यास, ‘युन एर देत्युद’ म्हणजे ‘अभ्यासाचा एक तास’ या नावाने छापलेले. मुलींच्या आवाजासाठीच लिहिलेत, आणि रोज वीस मिनिटं पुरे. मग ‘एम म्वा’ पुन्हा काढा. या वेळी मूळ माझुर्का पियानोवर ऐका, आणि तिने कुठे काय बदललं ते पेन्सिलीने नोटेशनवर खूण करत जा. त्यानंतर रशियन गाणी, पण शब्द रशियन येणाऱ्याकडून म्हणून घेतल्याशिवाय नकोत. ‘हाव्हानेझ’ हे तिचं गाणं मागू नका. त्यातल्या ताना ऐकून सगळ्यांनाच मोह होतो आणि पहिल्या वर्षी सगळ्यांचाच गळा ओढला जातो. नाट्यगीतं बंद करायची गरज नाही. फक्त एकाच दिवशी दोन्ही नको. सकाळी फ्रेंच गायलात तर नाट्यगीत दुसऱ्या दिवशी. आवाजाचा सांधा दोन्हीकडे वेगळ्या जागी येतो, आणि एकाच दिवशी दोन्ही केलं की गळा गोंधळतो. हे तुम्हाला संध्याकाळी घशात जाणवेल. जाणवलं की त्या दिवशी पियानो मिटवा.